मुलांना कार्यक्रम आवडला, पण त्यांना बरं वाटलं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत समुपदेशक म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. मानसिक आरोग्याच्या शिबिरांच्या आणि कार्यशाळांच्या बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. व्याख्याते कोण होते, किती विद्यार्थी हजर होते, प्रतिसाद कसा उत्स्फूर्त होता, हे सगळं त्यात असतं. त्या कार्यक्रमामुळे कोणाच्या आयुष्यात काय बदललं, हे मात्र कधीच नसतं. त्यासाठीच हे पत्र.

असे कार्यक्रम मी जवळून पाहिले आहेत. सगळ्या वर्गांना सभागृहात एकत्र बसवतात. दोन तास छान जातात, मुलं हसतात, एखादी मुलगी रडते. शेवटी अभिप्रायाचा कागद फिरतो: ‘कार्यक्रम आवडला का?’ बहुतेक सगळे ‘खूप आवडला’वर खूण करतात आणि तो गठ्ठा अहवालाला जोडला जातो. त्या गठ्ठ्यातून वक्ता कसा बोलला, एवढं कळतं. महिनाभर ज्या मुलीला रात्री झोप नाही, तिला आता झोप लागते का, हे त्यातून कळायला मार्ग नाही.

आवडणं आणि उपयोग होणं यांत किती अंतर पडू शकतं, याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं आहे. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून तिथे 1939मध्ये एक मोठा उपक्रम सुरू झाला. पाचशेहून अधिक मुलगे निवडले, परिस्थितीने सारख्या असलेल्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत मदत कोणाला द्यायची, ते नाणं उडवून ठरवलं. मदतही मनापासूनची होती: घरी येणारा समुपदेशक, अभ्यासाची शिकवणी, औषधोपचार, सुट्टीतली शिबिरं, तेही सरासरी पाच वर्षं. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी ही मुलं मोठी झाल्यावर त्यांचा माग काढला आणि 1978मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी आपल्याला फायदा झाल्याचं सांगितलं. नोंदींनी उलटंच दाखवलं. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजाराची चिन्हं, हे सगळं मदत न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यातच जास्त होतं. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर हा उपक्रम आजही आदर्श म्हणून सांगितला गेला असता.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कार्यक्रम मुलांसाठी असो की मोठ्यांसाठी, ज्यांना तो मिळाला ते, न मिळालेल्या तशाच लोकांपेक्षा काही महिन्यांनी अधिक बरे आहेत का, हे कोणीतरी मोजलेलं असलं पाहिजे. नुसतं ‘आधी आणि नंतर’ पुरत नाही. परीक्षेच्या आठवड्यात मोजलेली चिंता परीक्षा संपल्यावर आपोआप उतरतेच.

नीट मोजलं की काय हाती लागतं, ते बघा. युरोपातल्या 10 देशांत, 168 शाळांत, 11,000हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2015मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवलं. काहींत मुलांची तपासणी करून गरजूंना तज्ज्ञांकडे पाठवलं. काहींत मुलांनी स्वतः प्रसंग नाट्यरूपात उभे करून ताण, नैराश्य, मित्राची अडचण यांवर बोलायचं, असा चार आठवड्यांत मिळून सुमारे पाच तासांचा कार्यक्रम घेतला. उरलेल्या शाळांत फक्त भित्तिपत्रकं लावली. वर्षानंतर भित्तिपत्रकांच्या शाळांशी तुलना केली, तेव्हा आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचं प्रमाण तिसऱ्या प्रकारात निम्म्याहूनही कमी होतं. पहिल्या दोन प्रकारांत ठोस फरक दिसला नाही. मी कागदावर बघून निवड केली असती, तर शिक्षकांचं प्रशिक्षणच निवडलं असतं. बहुतेकांनी तेच केलं असतं.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला ‘सेहर’ प्रकल्प तर प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा. 74 माध्यमिक शाळांत तो तपासला गेला आणि 2018मध्ये निष्कर्ष आले. उपक्रम एकच: भित्तिपत्रिका, मनातलं लिहून टाकायची पेटी, दांडगाईविरुद्ध शाळेचं ठरलेलं धोरण, गरज असेल त्याला एकट्याला भेटून समुपदेशन. काही शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी राबवला, काहींत तिथल्याच शिक्षकांनी. कार्यकर्त्यांच्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देऊ नये, असं मी कळकळीने सांगते. आठ तासिका, वह्या आणि परीक्षा सांभाळून उरलेल्या वेळात करायचं हे काम नव्हे, आणि विद्यार्थीही आपले गुण ठरवणाऱ्यासमोर सहज मोकळा होत नाही.

मोठ्यांच्या बाबतीतही पुरावा अशाच साध्या माणसांच्या बाजूने उभा आहे. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन, विचार आणि वागणं बदलायच्या छोट्या पायऱ्या शिकवत, नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांसोबत काम केलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यापैकी 23 टक्के अजून नैराश्यात होत्या, तर नुसत्या भेटी मिळालेल्या गटात 53 टक्के. झिंबाब्वेत ‘फ्रेंडशिप बेंच’वर प्रशिक्षित आज्या रुग्णाशेजारी बसून एकेक अडचण सोडवायला मदत करतात. तोही उपक्रम 2016च्या चाचणीत खरा उतरला. दोन्हींकडे ठरलेल्या पायऱ्या होत्या, नियमित भेटी होत्या आणि काम करणाऱ्यावर कोणाचं तरी सतत मार्गदर्शन होतं. एका दिवसाच्या शिबिरात यातलं काहीच नसतं.

चांगल्या हेतूचे कार्यक्रम फसतात, तेही मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये 8,000हून अधिक विद्यार्थ्यांवर शाळेतल्या ध्यान-सजगतेचे वर्ग तपासले गेले. 2022चा निष्कर्ष असा, की नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग झाला नाही. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धतही अशीच. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या 2002च्या आढाव्यात तिचा फायदा आढळला नाही आणि सक्ती थांबवावी, असं स्पष्ट म्हटलं गेलं. ज्याला बोलायचं नाही त्याच्याजवळ शांतपणे बसणं, पाणी देणं, घरच्यांशी गाठ घालून देणं, हे अशा वेळी जास्त मोलाचं.

काहींचं म्हणणं असतं, की मन मोजता येत नाही. गेल्या दोन आठवड्यांतल्या झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, मरणाचे विचार यांबद्दलचे नऊ प्रश्न असलेली नैराश्य मोजणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली पाच मिनिटांत भरून होते. इंग्लंडच्या सार्वजनिक उपचारसेवेत 2008पासून जवळजवळ प्रत्येक भेटीत अशा प्रश्नावल्या भरून घेतात आणि किती लोक बरे झाले, ते जाहीर होतं. अट एकच: मरणाच्या विचारांवर कोणी खूण केली, तर तो कागद त्याच दिवशी कोणीतरी वाचलाच पाहिजे.

आपल्याकडे एक विनंती. यापुढे अशा कार्यक्रमाची बातमी घेताना आपल्या वार्ताहरांनी आयोजकांना विचारावं, की हा कार्यक्रम आधी कुठे तपासला गेला आहे, सहा महिन्यांनी मुलांना पुन्हा कोण भेटणार आहे, आणि आज मान खाली घालून बसलेली मुलगी उद्या कोणाकडे जाऊ शकते. उत्तरं मिळाली तर तीही छापावीत.

आपली,
एक निवृत्त शालेय समुपदेशक