हिलोला उतरून ज्वालामुखी ‘उरकायचा’ असेल तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला हवाई बेटांच्या क्रूझवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पण हिलो बंदरातल्या एका दिवसात वाहता लाव्हा, दोन धबधबे, काळ्या वाळूचा किनारा आणि जाता-जाता शहर, एवढे सगळे होते असे लेखात सुचवले आहे. त्या भरवशावर कोणी निघाले तर दिवस गाडीतच जाईल. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आपल्याकडचे आईवडील ही सात दिवसांची क्रूझ हल्ली हौसेने करतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो.

जहाज साधारण सकाळी ८ला धक्क्याला लागते आणि संध्याकाळी ६ला सुटते. कागदावर हे दहा तास दिसतात. त्यातला पाऊण तास गँगवेवरच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावरच्या, रांगेत जातो. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते आणि शहाण्याने त्याच्याही आधी एक तास धक्क्यावर असावे. हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान हिलोपासून सुमारे ४८ किलोमीटरवर, म्हणजे पाऊण तासावर आहे. जाऊन-येऊन दीड तास. भाड्याची गाडी घ्यायची तर ती विमानतळावरून घ्यावी लागते. जहाजाच्या दिवशी तिथल्या काउंटरवर शेकडो माणसे एकदम येतात, त्यामुळे गाडी घेणे आणि परत करणे मिळून एक तास सहज जातो. उद्यानात हातात उरतात पाच, फार तर सव्वापाच तास. या पाच तासांत काय बसते, एवढाच खरा प्रश्न.

आता लाव्हाचे. किलाउएआ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक, हे खरे. पण जागता म्हणजे रोज सकाळी नऊ ते पाच वाहणारा नव्हे. २३ डिसेंबर २०२४ला त्याच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात जो उद्रेक सुरू झाला, तो टप्प्याटप्प्याने होत गेला. कारंजी उडाली, काही वेळा ३०० मीटरच्याही वर गेली, पण बहुतेक टप्पे एका दिवसाच्या आत संपले आणि दोन टप्प्यांमध्ये कित्येक दिवसांचा, कधी आठवड्यांचा खंड पडला. तुमचे जहाज नेमके त्या काही तासांत धक्क्याला असणे हा निव्वळ नशिबाचा भाग. शिवाय लाव्हाची लाली खुलते अंधारात, आणि तेव्हा तुम्ही जहाजावर जेवत असता. लाव्हा समुद्रात कोसळतानाची जी चित्रे माहितीपत्रकांत असतात ती २०१८ किंवा त्याआधीची. त्या वर्षी बेटाच्या पूर्वेकडच्या वस्तीत जमीन फाटून लाव्हाने सातशेहून अधिक घरे गिळली आणि माथ्यावरचे विवर खोल खचले. निघण्याच्या आदल्या रात्री अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या हवाई वेधशाळेचे ताजे निवेदन वाचावे. ते रोज निघते आणि त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा सोपा रंगसंकेत असतो.

म्हणून ‘लाव्हा बघायला’ न जाता लाव्हाने काय करून ठेवले आहे ते बघायला जावे. त्यासाठी माथ्याचा परिसर पुरेसा आहे. उद्यानाच्या दारात रोख रकमेची आशा धरू नका, कार्ड हाताशी ठेवा. आत शिरल्यावर लोक पहिल्यांदा जवळच्या वाफांच्या जागी थांबतात. तिथेच चूक होते. आधी थेट नाहुकू गाठावे. ही सुमारे ५०० वर्षांपूर्वीची लाव्हा-नळी. वाहत्या लाव्हाची वरची साय थिजून छत झाली, आतला रस वाहून गेला आणि बोगदा राहिला. फेरी जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरची, पण पार्किंग अगदी लहान. उन्हे वर आली की ते भरते आणि मग गाड्या नुसत्या फिरत राहतात. आत दिवे आहेत, तरी छत ठिबकत असते आणि पायाखाली डबकी असतात. चपला-सँडल नकोत.

तिथून किलाउएआ इकी हे दुसरे विवर हाकेच्या अंतरावर. १९५९च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इथे ५८० मीटर उंच कारंजे उडाले आणि खड्ड्यात लाव्हाचे तळे साचले. ते तळे थिजून आज काळी, भेगाळलेली फरशी झाली आहे. तिच्यावरून जाणारी वाट सव्वापाच किलोमीटरची, १२० मीटर उतरून पुन्हा चढायची. दोन-तीन तास लागतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ती अवघड नाही, पण ही वाट धरली तर दिवसाचा बाकी कार्यक्रम तिथेच संपला असे समजावे. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या कठड्यावरून बघावे. खाली चालणारी माणसे मुंग्यांएवढी दिसतात, त्यावरून खड्ड्याचा आवाका कळतो. मग विवराच्या काठाचे मुख्य ठिकाण आणि शेवटी वाफांची जागा. पावसाचे पाणी खाली मुरते, तापलेल्या खडकाला भिडते आणि वाफ होऊन भेगांतून वर येते, इतकी साधी गोष्ट. चष्मा मात्र पुसत राहावे लागते. पलीकडच्या गंधकाच्या ढिगाऱ्यांशी लाकडी पदपथ आहे. तिथे पिवळे स्फटिक दगडाच्या ओठांवर जमलेले दिसतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

नकाशात समुद्राकडे उतरणारा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता मोह घालतो. तो तितकाच परत चढावा लागतो, वाटेत पेट्रोल, पाणी, खाणे काही नाही आणि जाऊन-येऊन अडीच-तीन तास मोडतात. जहाजाच्या दिवशी तो सोडून द्यावा. पुनालुऊचा काळ्या वाळूचा किनाराही उद्यानाच्या पुढे आणखी अर्ध्या तासावर. त्यापेक्षा परतताना हिलोतच रेनबो धबधबा बघावा. तो गावातच आहे, गाडीतून उतरले की समोर. इंद्रधनुष्य सकाळी दिसते, दुपारी फक्त धबधबा.

कपड्यांबद्दल लेखात ‘उष्ण कटिबंध’ एवढेच म्हटले आहे, तेही फसवे. माथा १२०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडाच खाली. बंदरात घाम आणि वर सहा-सात अंश कमी, त्यात धुके आणि वारा. हिलोचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, मुंबईपेक्षा जास्त आणि तोही बाराही महिने वाटून. छत्री वाऱ्याने उलटी होते. टोपीचे पातळ जर्किन, पूर्ण पँट आणि पकड असलेले बूट हवेत. पूर्ण पँट थंडीपुरती नाही. थिजलेला लाव्हा काचेसारखा असतो, नुसता तळवा टेकला तरी कापतो. कारंजी नुकतीच उडून गेली असतील तर वाऱ्यावरून काचेचे सोनेरी तंतू येऊन झुडपांवर, गाडीच्या टपावर पडतात. त्यांना पेलेचे केस म्हणतात, कारण पेले ही इथली ज्वालामुखीची देवता. ते केसाइतके मऊ दिसतात आणि बोटात कुसळासारखे घुसतात. हाताला लागले तर चोळू नये, पाण्याने धुवावे. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा.

खरी काळजी वायूची. गंधकाच्या वायूची हवेतल्या बाष्पाशी आणि उन्हात प्रक्रिया झाली की जो करडा पडदा तयार होतो त्याला तिथे व्हॉग म्हणतात. एरवी ईशान्येचा व्यापारी वारा तो बेटाच्या नैऋत्येला ढकलतो. वारा पडला किंवा उलटला की तोच थेट काठावर आणि हिलोकडे येतो. दमा, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी त्या दिवशी वर जाऊ नये. साधा कापडी मास्क या वायूला अडवत नाही. अशा दिवशी हिलोची समुद्राकाठची बाग बघण्यासारखी आहे. १९४६ आणि १९६०च्या त्सुनामींत किनाऱ्यालगतची वस्ती वाहून गेली, आणि आज तिथे घरांऐवजी मोकळी हिरवळ आहे.

जायचे कसे, यावर एकच उत्तर नाही. जहाजाची सहल महाग, आणि बसमधल्या पन्नासेक माणसांच्या गतीने चालते. पण तिला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःच्या गाडीसाठी थांबत नाही. उबरने वर जाता येते, परतीची मिळत नाही. तिथे मोबाइलला रेंज धड नाही आणि गाड्याही नाहीत, यात दरवेळी कोणी ना कोणी अडकते. सरकारी बस आहे, पण फेऱ्या इतक्या मोजक्या की जहाजाच्या वेळेशी जुळवणे जुगार आहे. घरात कोणी गाडी चालवणारे असेल आणि चौघे असाल तर भाड्याची गाडी, दोघेच ज्येष्ठ असाल तर मुकाट जहाजाची सहल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून येणाऱ्या जहाजांवर घड्याळ वाटेत मागे करत नेतात. मोबाइल काय दाखवतो यापेक्षा जहाजाचे घड्याळ पाळावे.

होनोलुलूहून निघणाऱ्या फेरीत हिलोच्या दुसऱ्या दिवशी जहाज कोनाला लागते, म्हणून काही जण ज्वालामुखी तिथूनच करू म्हणतात. तसे करू नये. कोनाला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटींनी पाळीपाळीने उतरावे लागते, आणि तिथून उद्यान दोन तासांहून दूर. मात्र हिलोला जहाज चुकलेच, तर याच फेरीत फार घाबरायचे कारण नाही. कोना त्याच बेटावर, डोंगरामधल्या रस्त्याने सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. पासपोर्ट आणि औषधे केबिनमध्ये न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत असली, की टॅक्सीचे पैसे मोजून सकाळी जहाज पकडता येते.

जाता-जाता एक. लेखात ‘आठवण म्हणून एखादा लाव्हाचा खडा’ आणायला सुचवले आहे. राष्ट्रीय उद्यानातून खडा उचलणे गुन्हा आहे. नेलेले खडे लोक पुढे टपालाने परत पाठवतात, आणि ते कुठले हे कळत नसल्याने उद्यानाला ते मूळ जागी ठेवताही येत नाहीत. खडाच हवा असेल तर आपल्या घाटातला कोणताही काळा दगड उचलावा. तोही लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्याकडचे भूगर्भशास्त्रज्ञ त्यातल्या गुळगुळीत, दोरीसारख्या वळ्या पडलेल्या थराला ‘पाहोएहोए’ म्हणतात, तो शब्द मूळचा हवाईचाच.

आपला,
एक वाचक, पुणे