नोंदणी झाली, तरी पाटीवर नाव नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी जर्मनीहून परत आले. समोरच्या फ्लॅटमधल्या बेननी घराची किल्ली हातात ठेवली आणि वाईट वाटून म्हणाल्या, "तुमचं बँकेचं पाकीट आलं होतं हो मे महिन्यात, पण परत गेलं." त्यात माझं नवीन डेबिट कार्ड होतं. पोस्टमनने वॉचमनला विचारलं, वॉचमनने सोसायटीच्या खालच्या पाटीवर नाव शोधलं, ते तिथे नव्हतं, कारण मी भाडेकरू आहे. "या नावाचं इथे कोणी राहत नाही," असं त्याने सांगितलं. बेन तेव्हा देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या होत्या. त्यांना संध्याकाळी कळलं, तोवर पाकीट गेलेलं. वॉचमनचा यात काहीही दोष नाही. त्याला जी पाटी दिली आहे ती त्याने वाचली.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. १९८९ साली लग्न होऊन विलेपार्ले पूर्वेला आले आणि तेव्हापासून पार्लेकरच आहे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून जानेवारीत तिथून दहा मिनिटांवर एक वन बीएचके भाड्याने घेतला. मिस्टर आता नाहीत. एकुलती मुलगी जर्मनीत हॅनोव्हरला नोकरी करते, तिची मुलगी अजून लहान आहे. मी वर्षातून दोनदा तिच्याकडे जाते. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे माझं वर्ष आपोआप विभागलं गेलं आहे : एप्रिल ते जुलै तिकडे, गणपती-नवरात्र इकडे, ऑक्टोबर ते जानेवारी पुन्हा तिकडे. अशा बाईला भाड्याचं घर मिळताना किती नकार ऐकावे लागतात, ते मी अनुभवलं. दोन सोसायट्यांनी "फ्लॅट सहा महिने बंद राहणार असेल तर नको" असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणच्या सेक्रेटरींनी विचारलं, "काकू, अर्धं वर्ष नसणारच तर घर कशाला घेता? नातेवाइकांकडे राहा की." ते आपुलकीने बोलले, हे मला कळतं. पण माझा देव्हारा, मिस्टरांची पुस्तकं, छत्तीस वर्षांची भांडीकुंडी नातेवाइकांकडे ठेवून मी कुठे जाऊ? तीन महिन्यांनी परत येते तेव्हा मला माझ्या स्वयंपाकघरात माझा चहा करायचा असतो.

शेवटी घर मिळालं. भाडं ४८ हजार, अनामत दोन लाख. बिल्डरकडून येणाऱ्या भाड्यात पेन्शनमधले काही हजार घालते. करारनामा अकरा महिन्यांचा. ही अकरा महिन्यांची सवय आपल्याकडे का टिकून आहे, मला समजत नाही. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यातून ती पडली असावी. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आमचे मालक सरळ माणूस, त्यांनी सगळं वेळेवर केलं.

नोंदणीचा दिवस मला चांगला आठवतो. एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. फोटो झाला. अंगठा काही केल्या लागेना. आधारशी तो जुळल्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. बत्तीस वर्षं खडू धरून आणि भांडी घासून रेषा पुसट झाल्या असतील. "काकू, बोट जरा केसांवरून फिरवा," तो म्हणाला. फिरवलं. ओल्या फडक्याने पुसलं, डाव्या हाताचं लावलं, मग तर्जनी. अकराव्या की बाराव्या वेळी यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि आम्ही दोघांनीही सुस्कारा टाकला. त्या मुलाने एकदाही कंटाळा केला नाही, हे मुद्दाम लिहिते. जवळपास चौदाशे रुपये मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी. भाडेकरूची माहिती मालकांनी पोलिसांकडे ऑनलाइन भरली.

म्हणजे मी या घरात राहते हे सरकारच्या नोंदणी विभागाला माहीत आहे, पोलिसांना माहीत आहे. सोसायटीलाही माहीत आहे, कारण घर भाड्याने दिल्याबद्दल ती मालकांकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि आमची सोसायटी तेवढंच घेते. तक्रार त्याबद्दल नाही. माझ्या राहण्यापोटी पैसे जमा होतात, माझ्या कराराची प्रत फाइलला लागते, आणि खालच्या पाटीवर व पत्रपेटीवर मात्र माझं नाव लागत नाही. "पाटी सभासदांची आहे," हे उत्तर मला दोनदा मिळालं.

बँकेतही थोड्याफार फरकाने हेच झालं होतं. पत्ता बदलायला नोंदणीकृत करारनामा घेऊन गेले, तर काउंटरवर सांगितलं, हा चालत नाही, वीजबिल आणा. वीजबिल मालकांच्या नावावर. मग म्हणाले, आधारचा पत्ता बदला. आधारवर आमच्या जुन्या इमारतीचा पत्ता आहे. तिथे सध्या पायाचा खड्डा आहे, पण दोन-तीन वर्षांनी मी तिथेच परत जाणार. दर अकरा महिन्यांनी आधार बदलत फिरायचं का? तिसऱ्या खेपेला एका तरुण मुलीने मला शांतपणे समजावलं की आधारवर केवायसी झालेलं असेल आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर ग्राहक स्वतः तसं लिहून देऊ शकतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तशी सोय आहे. एका कागदावर काम झालं. माझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि त्या पत्त्यावर आलेलं पहिलंच कार्ड पाटीवरून परत गेलं.

हॅनोव्हरला गेल्या वर्षी मुलीने घर बदललं तेव्हा मी तिथे होते. तिकडे सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. एक घर बघायला जिन्यापर्यंत माणसांची रांग होती, आणि जे घर मिळालं त्याच्या स्वयंपाकघरात ओटासुद्धा नव्हता, तो भाडेकरूने आणायचा. पण राहायला गेल्यावर घरमालकाने एक पानी दाखला दिला : कोण, कोणत्या घरात, कोणत्या तारखेपासून. २०१५ पासून तो देणं मालकाला बंधनकारक आहे. दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या नागरिक कार्यालयात तो दाखवायचा. मी नातीला घेऊन बाकावर बसले होते, दहा मिनिटांत मुलगी शिक्क्याचा कागद घेऊन बाहेर आली. मग तोच कागद बँकेत चालला, पाळणाघरात चालला. संध्याकाळी मालकाने दाराशी घंटीच्या बटणाखाली तिच्या नावाची पट्टी बसवली. तिथे पत्र फ्लॅटच्या नंबरवर येत नाही, नावावरच येतं. अनामतही तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण मला हेवा वाटला तो त्या पट्टीचा.

आमच्या सेक्रेटरींची भीती मी समजू शकते. भाडेकरूचं नाव लागलं की उद्या तो वहिवाट सांगेल, ही धास्ती मुंबईच्या मनात १९४७ च्या भाडे कायद्यापासून आहे. पण लीव्ह अँड लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच लिहिलं आहे की अशा परवानगीने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. पत्रपेटीवर चार अक्षरं लागल्याने मालकांचं घर माझं होणार नाही, आणि मला ते नकोही आहे.

माझं माहेर गिरगावातलं. चाळीच्या जिन्याशी काळी लाकडी पाटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात खोली क्रमांक आणि बिऱ्हाडकरूंची नावं. चाळीत सगळेच भाडेकरू. मालकाचं नाव कुठेतरी वर, बारीक. दर दिवाळीआधी पेंटर यायचा आणि नवीन बिऱ्हाड आलं असेल तर त्याचं नाव लिहायचा. आमचं नाव नव्याने रंगवलं की आम्ही मुलं खाली जाऊन ते पुन्हा पुन्हा वाचायचो. वडील कोकणात चार-चार महिने शेतीसाठी जायचे, म्हणून कोणी त्यांचं नाव पुसलं नाही.

बंद घराबद्दल सोसायटीला काळजी असते ती खरी आहे आणि त्यासाठी मी जे करायचं ते करते. जाताना पाण्याचा मुख्य नळ आणि गॅस बंद, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं, किल्ली बेनकडे, मुलीचा व्हॉट्सॲप नंबर ऑफिसात. बेन दर रविवारी खिडक्या उघडतात. तरीही यंदा आले तेव्हा बेडरूमच्या भिंतीला ओल धरली होती, मिस्टरांच्या चामड्याच्या बॅगेवर हिरवट बुरशी होती आणि कपाटाचं दार फुगून बसलं होतं. तीन दिवस पुसत होते. मग गॅलरीत कबुतराने केलेलं घरटं दिसलं, त्यात दोन पिल्लं. ती उडेपर्यंत गॅलरी धुतली नाही. आपलं घर असल्याशिवाय कोणी एवढं करतं का?

म्हणून सहकार खात्याला आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करते. ज्याच्या कराराची नोंदणी झाली आहे आणि पोलिसांकडे माहिती गेली आहे, त्या भाडेकरूचं नाव करार असेपर्यंत पत्रपेटीवर आणि वॉचमनच्या वहीत असावं. सभासदांची पाटी वेगळी ठेवा, हरकत नाही. खात्याने एका परिपत्रकाने हे सांगितलं तरी पुरे. बँकांनीही नोंदणीकृत करारनामा निदान हातात घेऊन वाचावा. त्यावर सरकारी नोंदणी क्रमांक आहे, माझा फोटो आहे, आणि बाराव्या वेळी उमटलेला माझा अंगठा आहे.

मी १० ऑक्टोबरला पुन्हा निघते आहे. कार्ड नव्याने मागवलं आहे. सोसायटीला लेखी अर्ज दिला आहे आणि सेक्रेटरींनी तो पुढच्या सभेत ठेवतो असं सांगितलं आहे. तोवर वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेला कागद त्याच्याच परवानगीने सरकवून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई