मिसरूड फुटण्याआधीचे नायक

संपादक महोदय,
किशोरवयावरचे बरेच सिनेमे पहिल्याच दृश्यात फसतात. नववीतला मुलगा म्हणून समोर येतो पंचविशीचा, गुळगुळीत दाढी केलेला नट! अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची बंधनं असतात, चित्रीकरण लांबलं तर मुलांची उंची वाढते, आवाज फुटतो. म्हणून ही पळवाट. पण खरी गंमत तर त्यातच आहे ना! भर वर्गात उत्तर देताना आवाज चिरकणं, मग दिवसभर मुद्दाम घोगरं बोलणं, तिला पाठवायचा मेसेज दहादा खोडून शेवटी नुसतं ‘हं’ धाडणं... यावर वेगळे विनोद लिहावे लागत नाहीत. खरी मुलं घेतलेला सिनेमा जरा ओबडधोबड झाला तरी चालेल. फक्त शेवटी बाबांचं भाषण तेवढं नको.
– एक प्रेक्षक