टीव्ही लावण्याआधी भिंत बघ

गावभाग, सांगली
२२ मे

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

४३ इंची टीव्ही घेतलास, काकूंच्या खोलीत लावायचाय, आणि कंपनीचा माणूस शनिवारी येणार आहे, एवढंच तुझ्या फोनवरून कळलं. बाकी सगळा वेळ तू पडदा कसला, आवाज कसा आणि अ‍ॅप किती यावरच बोलत होतास. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता मध्ये बोलून दाखव!

इतकी वर्षं दुरुस्तीच्या दुकानात बसून टीव्ही उघडतोय, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. टीव्ही आपल्या आपण फारसा जात नाही. त्याला घालवतात ते बाहेरचे: भिंत, बोर्ड, डीपीवरचा न्यूट्रल (म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं जाणारी विजेची परतीची तार) आणि वळवातली वीज. माणसाच्या जिवाला धोका असतो तोही इथूनच. आणि लोक काय करतात, तर पडद्याचा अभ्यास महिनाभर आणि लावायचं काम अर्ध्या तासात उरकतात.

आधी भिंत. साताऱ्याच्या शनिवार पेठेतलं तुझं घर मला चांगलं माहीत आहे. दगडमातीची दोन हात जाड भिंत, वर चुन्याचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. दिसायला भक्कम. पण ड्रिल लावलं की पहिला इंचभर गिलावा कडक लागतो आणि मग पिठात बोट घालावं तसं बिट सरकन आत जातं. भोकातून पांढरी भुकटी ओघळत राहते आणि आठ मिलिमीटरचं भोक बघता बघता अंगठ्याएवढं होतं. प्लॅस्टिकची गिट्टी धरते ती भोकाच्या कडांना दाबून. कडाच भुसभुशीत असल्यावर ती धरणार कशाला? कंपनीची पोरं फ्लॅटच्या भिंतींना सरावलेली असतात. खोक्यातली गिट्टी ठोकतात, टीव्ही अडकवतात, फोटो काढतात, सही घेतात आणि पुढच्या घरी पळतात. त्या दिवशी टीव्ही पडत नाही. पडतो तो पुढं कधीतरी, कुणी केबल बदलायला मागं हात घातला की.

तुझ्या टीव्हीचं वजन आठ-दहा किलोच्या आसपास असेल. तसं काही फार नाही. पण स्टँडच्या वरच्या स्क्रूंवर नुसतं वजन येत नाही, ते भिंतीतून बाहेर ओढलेही जातात. आणि तू म्हणालास तो पुढं येऊन डावीउजवीकडं फिरणारा स्टँड लावलास, तर टीव्ही भिंतीपासून जितका लांब येईल तितकी ही ओढ वाढणार. तो विचार सोड. भिंतीला चिकटून बसणारा साधा स्टँड घे.

मी सांगतो ते कर. काकूंच्या खोलीत पलंगासमोर दोन सागवानी खांब आहेत बघ. सुताराकडून १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायची फळी कापून घे आणि ती दोन्ही खांबांना आडवी, नीट स्क्रूनं पक्की कर. टीव्हीचा स्टँड त्या फळीवर. म्हणजे सगळा भार लाकडावर जाईल, मातीवर काहीच येणार नाही. शिवाय फळीमागं जागा राहील, हवा खेळेल. पश्चिमेच्या भिंतीला मात्र काही लावू नकोस. साताऱ्याचा पाऊस त्या बाजूनं मारतो आणि जुलैत तिथं ओल धरते, हे मी तुझ्याकडं राहून बघितलंय.

टीव्हीच्या पाठीवर स्टँडसाठी चार भोकं असतात. त्यांच्यातलं आडवं-उभं अंतर मोजून मगच स्टँड आण. २०० बाय २००, ४०० बाय २०० अशी ठरलेली मापं मिलिमीटरमध्ये असतात. आणि स्क्रू टीव्हीबरोबर आलेलेच वापरायचे. जास्त लांब स्क्रू पिळला तर आतल्या बोर्डाला नाहीतर पॅनेलला जाऊन टेकतो. असे टीव्ही माझ्याकडं येतात, आणि त्यात मला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

उंचीचं म्हणशील तर दुकानात टांगतात तसा वर टांगू नकोस. काकू पलंगावर बसल्या की त्यांची नजर सरळ जिथं जाते, तिथं पडद्याचा मध्य आला पाहिजे. मान वर करून दोन मालिका बघितल्या की तिसरीला मानेला तेल चोळत बसतील. अंतर सहा-सात फूट ठीक.

फळीचं जमलं नाही तर टेबलावर ठेव. पण टेबल रुंद हवं, बुटकं हवं आणि जड हवं. हल्लीच्या टीव्हीला दोन टोकांना दोन पाय असतात. टेबल अरुंद असलं की पाय अगदी कडेवर येतात. सुट्टीत तुझे नातू येणार. तीन वर्षांचं पोर खणाचे कप्पे उघडून पायरीसारखं वर चढतं आणि हाताला लागेल ते धरतं. टीव्ही मागून पट्ट्यानं खांबाला बांध. आणि रिमोट, खेळणं, बिस्किटाचा पुडा यातलं काही टीव्हीच्या आसपास वर ठेवायचं नाही. पोरं त्यासाठीच चढतात.

आता बोर्ड. ४३ इंची टीव्ही ओढून ओढून शंभर वॅट ओढेल, म्हणजे अर्धा अँपियरसुद्धा नाही. नेमका आकडा पाठीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. तेव्हा भाराची काळजी नाही, काळजी आहे ती सैल सॉकेटची. पिन आत हलते, बारीक ठिणगी पडत राहते, प्लॅस्टिक काळं पडतं आणि जळका वास येतो. पलंगाखालून एक्स्टेन्शन, त्यात मल्टीप्लग, त्याला टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मोबाइल आणि सणाला इस्त्री, असला संसार नको. टीव्हीसाठी भिंतीवर वेगळा पॉइंट काढून घे, आणि काकूंना हात पोचेल अशा जागी बटण दे.

प्लग बघ. दोन पिनांचा असेल आणि पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याला अर्थिंग लागतच नाही. तो बांधणीनंच दुहेरी इन्सुलेशनचा असतो. अशा टीव्हीच्या केबलच्या धातूला ओला हात लागला की कधी कधी बारीक मुंग्या येतात. ते आतल्या फिल्टरमधून झिरपणारं किंचित करंट असतं. पण झटका म्हणावा इतकं जाणवलं तर प्लग काढ आणि मला फोन कर. प्लग तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन मोडायची नाही, आणि सॉकेटात अर्थिंग खरोखर आलंय का ते वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यायचं.

इथं एक लबाडी चालते, ती तुला माहीत असायला हवी. जुन्या घरात अर्थिंगची वायरच आलेली नसते. मग एखादा वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून तुकडा टाकून अर्थच्या पिनेला जोडून देतो. तपासलं तर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी मागं कुठंतरी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी त्या सॉकेटवरच्या फ्रिजच्या, मिक्सरच्या पत्र्यात सरळ फेज, म्हणजे जिवंत वीज, उतरते. तुझ्याकडं असलं काही आहे का ते सॉकेट उघडून बघायला लाव. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच लाइट तोडणारं बटण, नसेल तर टीव्हीच्या आधी ती बसव. टीव्ही आठवडाभर खोक्यात राहिला तर काही बिघडत नाही.

न्यूट्रलवरून आठवलं. माझ्याकडं येणाऱ्या जळक्या टीव्हींचं हे मोठं कारण आहे, आणि लोकांना ते सांगूनही पटत नाही. त्यांच्या लेखी 'लाइट जास्त आली' की संपलं. होतं असं: डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुझं घर एका फेजवर, शेजाऱ्याचं दुसऱ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. पावसात, वाऱ्यात, गंजून न्यूट्रल सुटला की तुझं आणि शेजाऱ्याचं घर मिळून त्या चारशेवर चालायला लागतं, आणि ज्याच्या घरी कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. शेजारी गिझर लावून बसलेला असतो आणि तुझ्याकडं नुसता टीव्ही. मग टीव्ही जाणार नाही तर काय? खूण ध्यानात ठेव: दिवे एकाएकी फार लख्ख पेटले, पंखा घोंघावायला लागला आणि शेजारी म्हणतोय आमच्याकडं मिणमिणतंय, की कसलाही विचार न करता मेन पाडायचा आणि वीज कंपनीला फोन करायचा.

तू स्टॅबिलायझर घेऊ का म्हणून विचारलंस. नको. हल्लीच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बराच खालीवर सोसतो. किती, ते पट्टीवर लिहिलेलं असतं. स्पाइक गार्ड घेतलास तर तो क्षणभराच्या उसळीपुरता कामाचा. चारशे व्होल्ट मिनिटभर राहिले तर तो स्वतःच जळतो. त्यापेक्षा मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घे. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो सगळ्या घराची लाइट तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोडं थांबून परत देतो. टीव्हीच्या किमतीपुढं त्याची किंमत किरकोळ, आणि फ्रिजही त्यातच वाचतो.

वळवाची वीज मात्र कुठल्या यंत्राला जुमानत नाही. एप्रिल-मे आणि परत ऑक्टोबर, हे आपल्याकडचे महिने. आभाळ भरून आलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि डिशच्या छत्रीची केबलही काढायची. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. वीज जवळपास पडली तरी केबलमधून झटका आत येतो, बॉक्स जातो, आणि बॉक्समधून एचडीएमआय केबलच्या वाटेनं टीव्हीचा मेन बोर्ड. हे सगळं ढग लांब असतानाच उरकायचं. डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावायचा नाही, गेला तर गेला टीव्ही.

काकूंना कीर्तनं आणि बातम्या एवढंच बघायचं असेल तर दूरदर्शनची फ्री डिश पुरते, महिन्याचं भाडं नाही. तिची छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडं, म्हणजे तुझ्या गच्चीवरून आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर बघते. त्यामुळं अजिंक्यताऱ्याचा डोंगर काही आड येत नाही. छत्रीचा पाइप उभा करताना वर विजेची तार कुठून गेलीय ते बघ. पाइप हातातून सुटून आडवा झाला तरी तारेला लागणार नाही, इतकं अंतर हवं. आणि पाइपाला अर्थिंग दे.

वापरायचं काय, थोडक्यात सांगतो. वहिनींनी विणलेलं ते जाळीचं आच्छादन टीव्ही चालू असताना वर नको, मागच्या झरोक्यांतून गरम हवा जायला हवी. चहूबाजूंनी वीतभर तरी जागा सोड. टीव्हीखालच्या फळीवर समई आणि उदबत्ती तर मुळीच नको. काकूंचं देवघर त्याच खोलीत आहे म्हणून मुद्दाम लिहितो. काजळी आत जाते, आणि पडद्याचं प्लॅस्टिक आच सोसत नाही. गणपतीत त्याच पॉइंटवरून दिव्यांच्या माळा काढू नका. पडदा पुसताना प्लग काढून, मऊ कोरड्या फडक्यानं. काच पुसायचा फवारा मारलास तर थेंब खाली कडेत उतरतो, तिथंच पॅनेलच्या पट्ट्या असतात.

पाण्याची गोष्ट निघाली की आम्हा सांगलीकरांना २०१९ आठवतंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर दुकानासमोर टीव्हींची रांग लागली. त्यातले जे उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून मग तपासले, त्यातले काही वाचले. जे घरच्यांनी दोन दिवस उन्हात ठेवून 'बघू तरी' म्हणून चालू केले, ते गेले. चिखलाचा थर बोर्डावर तसाच असतो, वरून वाळलेला आणि चिपांखाली ओला. तुझ्याकडं पूर यायचा नाही, पण कौलं गळतात. टीव्हीवर पाणी पडलंच तर बटणाला हात न लावता आधी मेन पाड, मग प्लग काढ, आणि चालू करून बघायचा मोह आवर.

तुझा जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला देताना घरी उघडू नकोस, तांब्याच्या मोहानं नातवालाही उघडू देऊ नकोस. त्याच्या पिक्चर ट्यूबवर वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते ट्यूबमध्ये टिकून राहू शकतात. तो इकडंच पाठव, मी सोय करतो.

शनिवारचा माणूस पुढं ढकल. तोवर खोका उभाच ठेव, झोपवून ठेवू नकोस, आणि त्यावर काही रचू नकोस. दोन्ही खांबांमधलं अंतर, काकूंच्या बसायच्या उंचीचं माप आणि मेन बोर्डाचा झाकण उघडलेला फोटो पाठव. झाकण वायरमनला उघडायला सांग, तू नको. फोटो आला की फळी किती लांबीची कापायची आणि बोर्डात काय काय बदलायचं, ते लिहून पाठवतो. मग पुढच्या रविवारी ड्रिल घेऊन मीच येतो. सकाळची कराडवरून येणारी एसटी धरीन.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर

ता. क. बिल आणि वॉरंटी कार्डाचे मोबाइलवर फोटो काढून ठेव. बिलाची शाई वर्षभरात उडते. आणि टीव्हीला वायफाय जोडून देणारा पोरगा स्वतःच्या खात्यानं काही चालू करून गेला असेल तर ते काढून टाक, काकूंच्या नावानं नवं खातं उघड आणि खरेदीला पिन लाव.