तिकडची भांडणं?

महोदय,

गणपती पेठेत माझा छापखाना आहे. खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवायचे दिवस गेले, तरी जुनं ट्रेडल छापयंत्र मी मोडीत घातलेलं नाही. म्हणून शहरातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या बाई मुलांनी कोरलेले लिनो, म्हणजे चित्र छापायचे लिनोलियमचे तुकडे, घेऊन माझ्याकडे आल्या. विषय होता अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरचे झुंडीचे अत्याचार. एका मुलीने झाडाची फांदी आणि तिला दोरी एवढंच कोरलं होतं. खाली जमलेल्या बघ्यांचे चेहरे मात्र एकूण एक. लिनो ठोकळ्यावर चिकटवून खिळ्यांच्या उंचीला आणला. पहिल्या प्रूफात चेहरे शाईने भरले, मग शाई कमी केली, दाब उतरवला. तेव्हा एकेकाचं हसू दिसायला लागलं. शाळेच्या प्रदर्शनात चित्र दुपारपर्यंत टिकलं. ‘तिकडची भांडणं इथं कशाला?’ म्हणून व्यवस्थापनाने ते उतरवलं.

हेही नवीन नाही म्हणा. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला अशाच झुंडबळींवरचं चित्रप्रदर्शन भरायचं होतं, तर कबूल केलेल्या गॅलरीने ऐन वेळी अंग काढून घेतलं. ते दुसऱ्या गॅलरीत भरलं. एलिझाबेथ कॅटलेट या काळ्या चित्रकर्तीने १९४६च्या सुमारास मेक्सिकोत लिनोच कोरले. तिच्या एका चित्रात गळ्यात दोरी असलेला माणूस जमिनीवर पडलाय आणि मारणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. ती ज्या छापशाळेत काम करायची, तिथली पत्रकं स्वस्त कागदावर निघून भिंतींवर लागत.

आणि ‘तिकडची’ म्हणजे काय? त्याच १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, ते नाव कुठून आलं हे व्यवस्थापनातल्या कुणालाही विचारा: अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. गावकुसाबाहेरच्यांवर इथेही झुंडी गेल्याच आहेत. मुलांना ते कळतं, मोठ्यांना कळून घ्यायचं नसतं.

व्यवस्थापनाला छापाची रीत मात्र ठाऊक नसावी. रंगवलेलं चित्र उतरवलं की संपलं. इथे वर्गातल्या प्रत्येकाच्या दप्तरात एकेक प्रत गेली आहे, आणि लिनो माझ्या फळीवर आहे. मुलीची आणि तिच्या घरच्यांची हरकत नसेल, तर आपण तो रविवारच्या पुरवणीत छापावा. पोस्टकार्डाएवढा आहे, जागा फार जाणार नाही. फक्त काळा गच्च येऊ द्या, नाहीतर चेहरे पुसट येतील.

— एक ट्रेडलवाला, सांगली