फरशी दिसली, झाडं कुठायत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला रॉबर्टो बर्ले मार्क्स यांच्यावरचा लेख वाचला. ब्राझीलच्या बागवाल्याला नाशिकच्या पेपरात अर्धं पान मिळालं, मनापासून आनंद झाला. पण अहो त्यातली निम्मी जागा रिओतल्या कोपाकबाना किनाऱ्यावरच्या, त्यांनीच आखलेल्या त्या लाटालाटांच्या फुटपाथच्या फोटोनेच खाल्ली आणि उरलेल्यात नुसती 'रंगांची जाण' नि 'वळणदार रेषा'. हा माणूस जन्मभर ब्राझीलच्या जंगलांत झाडं शोधत हिंडला, रिओबाहेर 1949 मध्ये घेतलेल्या जागेत साडेतीन हजारांवर जातींची झाडं जमवली, 1985 ला ते सगळं सरकारला देऊन टाकलं, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती हीच जागा. यातलं एक अक्षर नाही! आणि हेलिकोनियाच्या फोटोखाली 'विदेशी फुलझाड'? त्यांच्यासाठी ते घरचंच हो. आपल्याच देशातली झाडं त्यांना पहिल्यांदा नीट दिसली ती 1928 ला घरच्यांबरोबर जर्मनीत गेल्यावर, बर्लिनच्या बोटॅनिकल गार्डनच्या काचघरात, कारण ब्राझीलच्या बागांत तेव्हा युरोपच्या फुलांचा थाट. खरी गोष्ट ही आहे.

मला हे जास्तच झोंबलं कारण आमच्या सोसायटीत गेल्या हिवाळ्यात 'लँडस्केपिंग' झालं. कंपाउंडच्या जाळीला मी कळलावी लावली होती, दिंडोरीला मामेभावाच्या बांधावरून कंद आणून. श्रावणात पानांची कुरळी टोकं जाळीला धरून वेल वर चढायची आणि फुलं खाली पिवळी वर लालभडक, लोक थांबून फोटो काढायचे. हिवाळ्यात वेल वाळते, कंद जमिनीत झोपतो, तर कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांनी 'काही नाहीये इथे' म्हणून सगळं उकरलं आणि वर लॉन अंथरलं. सेक्रेटरीसाहेब म्हणतात, काका ती विषारी असते. असते ना! मग गेटपासून पार्किंगपर्यंत ओळीने लावलीये ती कण्हेर काय अमृताची आहे का?

आपल्याकडे अंजनेरीच्या डोंगराचं नाव मिळालेलं सेरोपेजिया अंजनेरिका आहे, कंदीलपुष्पाच्या कुळातलं. त्यावर अर्धं पान कधी छापताय? फोटो लहान चालेल, झाडाचं नाव तेवढं बरोबर टाका.

आणि हो, त्याच लेखाखाली 'निसर्गाच्या कुशीत टू बीएचके'ची जाहिरात, लेखापेक्षा मोठी. लेख कुठे कापला गेला ते कळलं.

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक