वॉटसन हॉटेल: टाटांच्या किश्श्यापलीकडे

मा. संपादक,
स. न.

मुंबईतल्या काळाघोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचा विषय निघाला की पहिला किस्सा ठरलेला. जमशेटजी टाटांना गोरे नाहीत म्हणून इथल्या दारातून परत पाठवले आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधले. ऐकायला झकास, पण अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत. आणि तो खरा धरला तरी गोष्ट ताजची झाली, या इमारतीची नव्हे.

हिची गोष्ट तिच्या लोखंडात आहे. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याच्यासाठी आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनीअरने. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतालाही त्याचा हात लागलेला. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि तुळया विलायतेत घडवल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडून उभ्या केल्या. भार सगळा सांगाड्यावर, विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत इथे उतरला आणि मुंबईच्या कावळ्यांवर भरभरून लिहून गेला. (कावळे तेवढे अजून आहेत.)

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दिसली ती इथेच. तिकीट एक रुपया, चित्रे सहा. त्यांतले एक भिंत पाडण्याचे होते. ल्युमिएर ही फीत कधी कधी उलटी फिरवत, मग पडलेली भिंत धुरळ्यातून उठून पुन्हा उभी राही. मुंबईत ती तशी फिरली की नाही कोण जाणे. ल्युमिएरचे मुंबईतले खेळ पाहूनच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या १४ वर्षे आधी! आपण मराठी माणसे फाळक्यांपाशी थांबतो, सावेदादा मागेच राहतात.

मी ही इमारत पाहिली ती हॉटेल म्हणून नव्हे. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्यांचे तुकडे पडले, सत्र न्यायालय जवळ म्हणून वकिलांची कार्यालये आली. त्यांतल्याच एका वकीलसाहेबांकडे मी टायपिस्ट होतो. लाकडी जमिनीवर टाइपरायटर धडाडू लागला की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा. विलायतेहून आलेल्या खांबाला आम्ही छत्र्या अडकवत असू. त्याचे मोल तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते, म्हणून इतरांना बोल लावताना जीभ जरा अडखळते.

२००५ च्या पावसाळ्यात दर्शनी गॅलऱ्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. पुढच्या वर्षीच्या, जगातल्या १०० धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हिचे नाव होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. ती पाडून टाकावी, असाही तज्ज्ञांचा अहवाल आला. माणसांच्या जिवापुढे वारसा मोठा नाही, त्यामुळे रिकामी केली हे योग्यच.

पण जी इमारत सुटे भाग जोडून उभी राहिली, तिचे भाग सुटेही करता येत असतील. एकेका खांबाला, तुळईला क्रमांक घालून, तपासून, गंजून गेलेले तेवढेच बदलता येतील का? हे जुन्या ओतीव लोखंडाची दुरुस्ती प्रत्यक्ष केलेल्या जाणकारांना विचारावे आणि त्यांचे म्हणणे मराठीतही लोकांसमोर ठेवावे. शिवाय समोरच्या पदपथावर ७ जुलै १८९६ आणि सावेदादांचे नाव असलेली एक पाटी लावावी. तिला ना मालकाची संमती लागेल, ना इमारतीचा निकाल लागायची वाट पाहावी लागेल.

आपला,
एक निवृत्त टायपिस्ट, डोंबिवली